पावडरच्या तीन बाटल्या

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही यांनी दिली. लिफ्ट तपासनीस म्हणून जन्मभर लोकांच्या लिफ्टमधून वर-खाली करून हे निवृत्त झाले, त्यालाही चार वर्षं झाली, तरी लिफ्टवाल्या कंपन्या अजून डायऱ्या पाठवतात. "लिही रोजचं," म्हणाले. "तुझ्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. नंतर वाचायला होईल. शिवाय संध्याकाळी माझा कान सुटेल." ज्या माणसाला एका कानाने मुळात ऐकूच येत नाही, त्याचा कान मी खाते म्हणे.

तर आज लिहिण्यासारखं घडलं. नवा नियम आला. एक मार्चपासून कांजिण्यांच्या लसीचा निदान पहिला डोस घेतल्याशिवाय प्राथमिक शाळेत कुठल्याच मुलाला वर्गात बसू देणार नाहीत. दुसरा डोस तीन महिन्यांनी. डॉक्टरांनी आमच्या आरोग्य केंद्राजवळच्या शाळेत पालकांची सभा घेतली आणि मला सोबत नेलं. डॉक्टर हुशार आहेत, पण बोलायला लागले की समोरच्याला जांभई येते. एक बाप उठला. "कांजिण्याच ना? आम्हा सगळ्यांना झाल्या. आठ दिवस अंग खाजवलं, शाळा बुडली, मजा केली. तेवढ्यासाठी पोरांना वर्गाबाहेर काढणार?" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी उभी राहिले. म्हटलं, "तुमच्या पोराला काही होणार नाही, कबूल. पण पहिलीच्या वर्गात एक मुलगी आहे. रक्ताच्या कर्करोगावर तिला औषधं चालू आहेत. वर्षभर ती घरी आहे. तिला ही लस देता येत नाही, कारण लसीतला विषाणू दुबळा असला तरी जिवंत असतो, आणि तिच्या अंगात तेवढ्याशीही लढायची ताकद नाही. तुमच्या पोराची मजा तिच्या फुप्फुसात उतरली तर ती मरेल. वर्गातल्या बाकीच्यांनी घेतली तरच ती शाळेत येऊ शकते." बाप खाली बसला.

नंतर त्या मुलीची आई भेटली. घरी कपडे शिवते, बोटांना सुईची भोकं. सोबत मुलगी, सहा वर्षांची, डोक्यावर लोकरी टोपी, भुवया विरळ. आई म्हणाली, "हिच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, वर्गातल्या सगळ्यांची लस झाली की दोन आठवड्यांनी पाठवा. सगळ्यांची होईल ना हो सिस्टर?"

मी म्हटलं, "एक पोर सुटणार नाही. प्रत्येकाच्या कार्डावर माझी सही असेल."

६ फेब्रुवारी, गुरुवार

पाय सुजलेत, पण मन प्रसन्न आहे. पहिली आणि दुसरीची मिळून एक्केचाळीस मुलं एका दिवसात उरकली.

सोबत नवी होती. ती केंद्रात येऊन वर्ष झालं, वयाने पस्तिशीची, दोन पोरांची आई, पण मी तिला नवीच म्हणते. काम नीट करते, फक्त गोगलगाईसारखं. या लसीची पावडर एका बाटलीत असते आणि ती विरघळवायचं पाणी दुसऱ्या. पाणी सिरिंजमध्ये ओढायचं, पावडरच्या बाटलीत सोडायचं, हलवायचं, परत ओढून घ्यायचं, मग टोचायचं. वर ही बाई प्रत्येक पावडरच्या बाटलीवरचं स्टिकर सोलून रजिस्टरात त्या मुलाच्या नावापुढे चिकटवते. मी आपला बाटलीचा नंबर हाताने लिहून मोकळी होते. रांग दारापर्यंत गेली तेव्हा मी म्हटलं, "पाणी तरी दोन-चार सिरिंजमध्ये आधी भरून ठेव, म्हणजे रांग सरकेल." ती म्हणाली, "मोठ्या सिस्टर, अर्धवट तयार केलेलं ट्रेमध्ये ठेवायला मला भीती वाटते." मी म्हटलं, "मला बत्तीस वर्षं झाली या कामात. ठेव." तिने ठेवलं. रांग सरकली.

एक वाजता तिला जेवायला पिटाळलं. तेवढ्यात लेकीचा फोन. सातवा महिना आहे तिला, पाय सुजलेत म्हणून रडत होती. फोन खांद्याने कानाशी दाबला आणि काम चालू ठेवलं. ट्रेमध्ये तीन सिरिंज तयारच होत्या, त्यामुळे तीन मुलं झटपट झाली. त्यातली एक, पुढचे दोन्ही दात पडलेली, म्हणाली, "मला दुखलंच नाही!" मी म्हटलं, हाताला गुण असतो बाळा. तिसऱ्याला कापूस लावतेय तोवर नवी डबा संपवून परत. लेकीचं रडणंही थांबलं होतं. बत्तीस वर्षांचा हात आहे, उगाच नाही.

परत निघताना मोजणी केली. दोन्हीच्या पन्नास-पन्नास बाटल्या नेल्या होत्या. पाण्याच्या नऊ उरल्या, बरोबर. पावडरच्या बारा. पुन्हा मोजल्या. बाराच. खोक्यातच तीन जास्त आल्या असतील.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

खोकी दहा-दहाची, सीलबंद. एका खोक्यात अकरावी बाटली बसायला जागाच नसते. सकाळी गुपचूप रिकाम्या खोक्यात बाटल्या उभ्या करून पाहिल्या.

म्हणजे तीन मुलांना नुसतं पाणी टोचलं गेलं. दुसरा अर्थ निघत नाही. हे सगळं नवीचं. हळू काम करणारी माणसं विचारात हरवतात आणि मग असं होतं. तिच्यासमोर तीनदा बोलायला तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. दोन पोरं आहेत तिला, नोकरी गेली तर काय करील? साठ्याच्या वहीत मी लिहून टाकलं : "खोक्यात तीन जास्त आल्या." तिच्यासाठीच लिहिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

शेवटी नवीला विचारलं, सहज विचारावं तसं. "काय गं, त्या दिवशी एखादी बाटली मिसळायची राहिली तर नाही ना?" तिने हातातलं काम खाली ठेवलं. "नाही मोठ्या सिस्टर. बाटली रिकामी झाल्यावरच मी स्टिकर लावते. का हो? काही झालंय का? रजिस्टर बघू या का?"

मी म्हटलं, "काही नाही, आपलं विचारलं." रजिस्टर बघायला आज सवड झाली नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रजिस्टरच्या कपाटापाशी पाच वेळा गेले. किल्ली लावली नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

टोपीवाली आज शाळेत गेली. तिच्या आईने मला मुद्दाम फाटकापाशी बोलावलं होतं. "तुम्ही समोर असलात की धीर येतो." मुलीचा गणवेश आईने घरीच शिवलेला, वाढत्या अंगाचा, कोपरापर्यंत बाह्या. वर्षभराने इतकी मुलं पाहून ती आधी आईच्या मागे लपली. मग त्याच दात पडलेल्या मुलीने येऊन तिचा हात धरला. "तू माझ्या बाकावर बस. माझे दात बघ, दोन गेले. तुझे केस गेले ना? दोन्ही परत येतात." दोघी आत गेल्या.

आई रडत होती. माझा हात दाबून म्हणाली, "तुमच्या सहीवर पाठवलंय."

एक्केचाळीसपैकी तीन. शहरात सध्या कांजिण्यांची साथ नाही, मी रोज चौकशी करते. तीन मुलांना लस नसली म्हणून कांजिण्या काय हवेतून उगवतात? उगवत नाहीत. असं मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगते आणि दहाही वेळा पटत नाही.

३ मार्च, सोमवार

नियम लागू झाला. आमच्या केंद्राकडे असलेल्या तिन्ही शाळांत एकही मूल परत पाठवावं लागलं नाही. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. नवीनेही टाळ्या वाजवल्या.

६ मार्च, गुरुवार

अकराला शाळेतून पहिलीच्या बाईंचा फोन आला. "सिस्टर, एका मुलीच्या अंगावर पुरळ आहे. किड्याबिड्याने चावलं असेल, लस तर झालीय तिची, कार्ड बघितलं मी. पण येऊन जाता का?"

दात पडलेलीच. बाईंच्या खोलीत बाकावर पाय हलवत बसली होती. पोटावर, पाठीवर, केसांच्या मुळाशी. काही लाल ठिपके, काही पाण्याने भरलेले फोड. शिकाऊ असताना पहिल्या आठवड्यात ओळखायला शिकले होते मी हे.

बाई म्हणाल्या, "किडाच ना? लस झालीय म्हणजे कांजिण्या नसणारच."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "घरी पाठवा. डॉक्टरांना दाखवायला सांगा." एवढंच. माझी सही त्या कार्डावर होती आणि त्या सहीमुळे शाळेतल्या कुणाला समोरचे फोड दिसत नव्हते. जिला दिसत होते ती एकटी मी.

टोपीवाली खिडकीतून आत डोकावत होती. "माझी मैत्रीण घरी जाणार?" दोघी पहिल्या दिवसापासून एका बाकावर. काल दोघींनी एकच सफरचंद खाल्लं म्हणे.

केंद्रात येऊन कपाट उघडलं. रजिस्टरात एकेका नावापुढे स्टिकर, स्टिकर, स्टिकर. मग तीन नावं लागोपाठ, स्टिकरशिवाय. त्यातलं पहिलं नाव दात पडलेलीचं. पुढे नंबर माझ्या अक्षरात. म्हणजे नवीने स्टिकर लावायचं सोडलं आणि रिकामी जागा पाहून नंबर मलाच भरावा लागला असणार. बाटली फोडलीच नव्हती, मग स्टिकर कुठून लावील? सापडली चूक.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं, चांगल्या कानात. रागावतील वाटलं होतं. यांनी फक्त एकच विचारलं, "ती मुलगी आत्ता कुठेय?"

"कोण?"

"टोपीवाली."

"घरी असेल."

"तिच्या आईला ठाऊक आहे?"

"नाही."

हे म्हणाले, "लिफ्टमध्ये खडखड ऐकू आली की मी आधी लिफ्ट बंद करायचो. चूक कुणाची ते नंतर बघायचो. तू उलटं करतेयस."

७ मार्च, शुक्रवार

आठच्या आत डॉक्टरांच्या दारात उभी होते. सांगितलं. "नवीकडून चूक झाली. तीन मुलांना पाणी गेलं. त्यातली एक कांजिण्यांनी आजारी आहे आणि टोपीवाली तिच्या बाकावर बसते."

डॉक्टरांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी तिथेच फोन उचलला. दहा मिनिटांत टोपीवालीच्या घरी फोन गेला, अर्ध्या तासात मायलेकी मोठ्या इस्पितळाच्या वाटेला लागल्या. कांजिण्यांशी लढणारी तयार प्रथिनं इंजेक्शनातून देतात अशा मुलांना. जितक्या लवकर द्याल तितका उपयोग. उरलेल्या दोन मुलांना बोलावून खरी लस दिली, डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने.

मग त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, बाटल्या कधी मोजल्या होत्या?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे महिना झाला."

"मला वाटलं खोक्यातच..." मी खाली बघितलं.

नवीला बोलावलं. ती पांढरीफटक. तीन नावं बघून म्हणाली, "डॉक्टर, तेव्हा मी जेवायला गेले होते." सबबी सुचतात माणसाला. जेवायला आपण सगळेच जातो. डॉक्टर म्हणाले, चौकशी होईल, तोपर्यंत तिने घरी बसायचं. जाताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच केलंय.

८ मार्च, शनिवार

टोपीवालीच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडल्यावर शिव्या पडतील म्हणून जीव मुठीत धरून उभी होते. आईने दार उघडलं आणि माझ्या गळ्यात पडली. "डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही बोललात म्हणून वेळेत इंजेक्शन मिळालं. त्या दुसरीने तर मारलीच असती हो माझी पोर."

इस्पितळवाल्यांनी सांगितलंय, इंजेक्शन दिलं तरी धोका टळला असं नाही. फोड उशिरा येऊ शकतात. सहा तारखेपासून अठ्ठावीस दिवस रोज अंग तपासायचं, एक ठिपका दिसला तरी तडक भरती करायचं. आई म्हणाली, "मला माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही राहिला. सकाळपासून चार वेळा ओरडले, चारही वेळा तीळ निघाले. तुम्ही याल का रोज? नऊ वाजता. तुमची नजर पक्की आहे."

येते म्हटलं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार होते?

१२ मार्च, बुधवार

नऊ वाजता. आधी कानामागे, मग डोकं (आता मऊ लव आलीय), मान, काखा, बोटांच्या बेचक्या, पाठ, पोट, शेवटी जीभ. तिची अट आहे की मीही जीभ दाखवायची. "सिस्टरआजी, तुमची पिवळी आहे. चहा कमी प्या."

आई तोवर मशीन बंद करून भिंतीला टेकून उभी असते. मी "काही नाही" म्हटलं की तिच्या छातीतून श्वास बाहेर पडतो, तो खोलीभर ऐकू येतो. मग मशीन सुरू होतं.

दात पडलेली बरी आहे. डाग राहतील एक-दोन.

१७ मार्च, सोमवार

पोटावर बेंबीच्या डावीकडे लाल ठिपका होता, टाचणीच्या डोक्याएवढा. मी दाबून पाहिला. आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिथेच फरशीवर बसली.

टॅक्सीने इस्पितळात. तीन तास बाकावर. मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि मी तिच्या अंगाचा ताप हाताने मोजत राहिले, जसं काही हात थर्मामीटर आहे. आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तिला बघून घेईन मी. त्या बाईला बघून घेईन." देवाधर्माचं मी फारसं करत नाही, पण आज सगळ्यांना हाका मारून झाल्या.

फ्रॉकच्या आतल्या टाक्याचं टोक टोचलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी फ्रॉक उलटा करून दाखवला. आई स्वतःच्या शिवणीकडे बघून हसायला लागली आणि हसता हसता हुंदके देऊ लागली. मीही रडले. मुलगी म्हणाली, "तुम्ही दोघी काय लहान आहात का?"

२२ मार्च, शनिवार

चौकशीवाल्यांनी लेखी जबाब मागितलाय, सोमवारपर्यंत. सहा फेब्रुवारीला काय काय झालं ते वेळेनुसार लिहा. नवीविरुद्ध एकही तपशील निसटू नये म्हणून दुपारी ही वही उघडली.

"ट्रेमध्ये तीन सिरिंज तयारच होत्या, त्यामुळे तीन मुलं झटपट झाली."

हे मी लिहिलंय. माझ्याच हाताने, त्याच दिवशी, फुशारकीने. वाचलं आणि कळलंच नाही आधी. मग परत वाचलं.

तयार नव्हत्या. त्यांत पाणी होतं. मीच तिला भरून ठेवायला लावलं होतं, तिला नको होतं. ती जेवायला गेली, मी लेकीशी फोनवर बोलत होते, तीन सिरिंज उचलल्या आणि तीन पोरांच्या दंडात पाणी सोडलं. शिवाय रजिस्टरात नंबर लिहिले, ट्रेमधल्या खोक्यावरचा बघून. दुखलंच नाही म्हणाली ती.

मी. मीच.

नवी बरोबर म्हणत होती, ती जेवायला गेली होती. पंधरा दिवस ती घरी बसलीय. आणि मी रोज नऊ वाजता त्या घरी देवदूतासारखी जाते.

२४ मार्च, सोमवार

जबाब दिला नाही. तब्येत बरी नाही कळवलं. खोटंही नाही, काल दोनदा ओकले. यांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं नाही. यांनी विचारणं सोडलंही नाही.

अठ्ठावीस दिवस होऊ दे, मग सांगीन असं ठरवलंय. आत्ता सांगितलं तर आई दार बंद करील. मग रोज तपासणार कोण? तिला स्वतःच्या नजरेचा भरवसा नाही. मुलीच्या भल्यासाठीच गप्प बसायचं.

वाचलं परत. नवीच्या भल्यासाठीही मी असंच गप्प बसले होते, फेब्रुवारीत. मला माझीच भीती वाटायला लागलीय.

२७ मार्च, गुरुवार

नऊला गेले तर टेबलावर शिवणाचं सामान नव्हतं. एक कागद होता, पेन होतं.

"बसा सिस्टर," आई म्हणाली. "अर्ज लिहिलाय. त्या बाईची नोंदणी रद्द करा म्हणून. आयुष्यात परत तिने कुणाच्या पोराला सुई लावता कामा नये. काल तिच्या घरी गेले होते मी. दारात उभी राहून जे तोंडात येईल ते बोलले. तिची दोन पोरं बघत होती. ती काहीच बोलली नाही, नुसती उभी. चूक असल्याशिवाय माणूस एवढं ऐकून घेतं का? इथे साक्षीदार म्हणून तुमची सही हवीय."

पेन हातात दिलं. मुलगी खाली रंगीत कापडाचे तुकडे लावत बसली होती.

मी अर्ज वाचला. शिवणवालीचं अक्षर, सरळ, नेमकं. "निष्काळजीपणे." "निर्लज्जपणे." "लपवून ठेवले." एकेक शब्द माझ्या अंगात उतरत होता. पाचावर धारण बसणं म्हणतात ते काय ते आज कळलं. वाटलं, सही करावी आणि सुटावं. खरंच वाटलं. पेनचं टोक कागदाला लागलं होतं.

"ती नव्हती," मी म्हटलं. "मी होते."

"काय?"

"ती जेवायला गेली होती. त्या तीन मुलांना मी टोचलं. सिरिंजमध्ये पाणी होतं, मी बघितलं नाही. फोनवर बोलत होते. ते भरून ठेवायलाही मीच लावलं होतं. बाटल्या उरल्या त्याच दिवशी मला कळलं आणि महिनाभर मी कुणाला सांगितलं नाही. तुमची मुलगी शाळेत गेली तेव्हा फाटकापाशी मला ठाऊक होतं. टोचणारी मी होते हे मात्र शनिवारी कळलं. शनिवारपासून आजपर्यंत तेही लपवलं."

तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. अर्जातलं नवीचं नाव खोडलं, एकच रेघ, पट्टी लावल्यासारखी.

"पूर्ण नाव सांगा तुमचं."

मी सांगितलं. तिने लिहिलं. कागद माझ्यापुढे सरकवला. "आता करा सही."

केली. बत्तीस वर्षांत इतकी नीट सही केली नव्हती.

मी दाराकडे वळले तशी ती म्हणाली, "कुठे निघालात? आजचं बघून झालं नाहीये."

मी मुलीपाशी बसले. कानामागे, डोकं, मान, काखा, बेचक्या, पाठ, पोट. मुलीने जीभ दाखवली, मीही दाखवली. आई वरून बघत होती, माझ्या हातांकडे. "काही नाही," मी म्हटलं.

"परत बघा."

परत बघितलं.

२८ मार्च, शुक्रवार

जबाब दिला. ही वहीसुद्धा डॉक्टरांना दाखवली, सहा फेब्रुवारीचं पान. ते म्हणाले, "सिस्टर, हे तुम्ही लिहिलं तेव्हा..." आणि थांबले. नवीला सोमवारपासून परत बोलावलंय. मी घरी बसायचंय.

नवीच्या दारात गेले. तिने आत घेतलं नाही, हाकललंही नाही. मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझ्या पोरांनी ऐकलं ते तुम्ही परत घेऊ शकता का?" नाही म्हटलं. "मग राहू द्या," म्हणाली.

नऊ वाजता टोपीवालीकडे गेले होतेच. काही नाही. दोनदा बघितलं.

१ एप्रिल, मंगळवार

काही नाही. आई आता माझ्याशी बोलत नाही, फक्त "परत". मुलगी विचारते, "आई, तू सिस्टरआजीशी कट्टी का?" दोन दिवस राहिलेत. माझी नजर चुकली तर? या वयात चाळिशीचा चष्मा, खिडकीतून येणारा उजेड कमी. आता मी विजेरी घेऊन जाते.

३ एप्रिल, गुरुवार

अठ्ठाविसावा दिवस.

हे बरोबर येतो म्हणाले, तीन मजले चढून दम लागला, बाहेर पायरीवर बसले. मी आत गेले. विजेरी लावून नखापासून डोक्यापर्यंत तपासलं. नंतर आईने न सांगता पुन्हा. मग तिसऱ्यांदा, कारण माझा मलाच विश्वास नव्हता.

"काही नाही," मी म्हटलं. "झाले अठ्ठावीस. सुटली."

आईने मुलीला उचलून घेतलं. एवढी मोठी मुलगी, तरी कडेवर. तोंड तिच्या मानेत खुपसलं, कितीतरी वेळ. मी विजेरी पिशवीत टाकली आणि उभी राहिले. काय वाटलं होतं मला, कुणास ठाऊक. चहा विचारील, निदान बसा म्हणेल. रोजचं येणं होतं ना.

तिने मान वर केली. डोळे लाल. आवाज मात्र अगदी साधा.

"उद्यापासून येऊ नका."

"बरं," मी म्हटलं.

मुलगी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. तिने जीभ काढली आणि वाट बघत थांबली. मी दार ओढून घेतलं.